विजयमालेच्या भाराचा गूळ

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो. वाण्याच्या दुकानातला नव्हे बरं का! कृष्णाकाठच्या एका गावात, सिदोबाच्या देवळासमोर, चिंचेच्या आडव्या फांदीला मी टांगलेला आहे. माझ्यात डाळ-तांदूळ मोजत नाहीत, माझ्यात माणसं बसतात. कुणाचा नवस पावला की एका पारड्यात माणूस आणि दुसऱ्यात त्याच्या भाराइतका गूळ. याला तुला म्हणतात. मग तो गूळ फोडून गावभर वाटायचा. एरवी मला काम नसतं. वारा आला की झुलायचं, नाहीतर पेंगायचं. त्यामुळे मी सांगतो त्यातलं थोडंफार स्वप्नातलंही असेल, तेवढं सांभाळून घ्या.

माझी दांडी बाभळीची. गुंडा सुताराने ती तासली, लोहाराने साखळ्या ओवल्या आणि पारड्यांना जाड फळ्या बसवल्या. पहिल्यांदा गुंडा स्वतःच माझ्यात बसला आणि दोन्ही पाय उचलून म्हणाला, "आता मोडलास तर माजंच टकुरं फुटंल, गड्या." मी मोडलो नाही. त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढे मी कितीतरी माणसं उचलली. नवी नवरी, आजारातून उठलेलं मूल, पलटणीतून रजेवर आलेला शिपाई. तुम्ही माणसं 'जाड' हा शब्द टोमण्यासारखा वापरता, पण आमच्या देवळासमोर तसं नव्हतं. काटकुळं माणूस पारड्यात बसलं की पोरांची तोंडं उतरत. अंगाने भरलेलं कुणी आलं की पोरं टाळ्या पिटत, कारण गूळ जास्त!

असाच सर्वांत जास्त गूळ मी तोलला तो विजयमालेचा. ही रंगुबाईची सून. तिचा नवरा आकाराम पलटणीत हवालदार होता. एकाहत्तर साली लढाई लागली आणि आकारामची खुशाली कळेनाशी झाली. त्या दिवसांत रंगुबाई पाणवठ्यावर सर्वांना सांगे, "माजी सून रातभर भिताडाला टेकून बसती. धनी लढाईवर, म्हणून पाठ टेकत न्हाई." गावाने तोंडात बोट घातलं. बायका आपल्या लेकींना घेऊन विजयमालेच्या पाया पडायला येऊ लागल्या. ती नुसती मान खाली घालायची.

आकाराम सुखरूप आला. सुनेच्या जागरणानेच लेक परत आला, असं रंगुबाईने ठरवून टाकलं आणि सुनेच्या भाराचा गूळ सिदोबाला बोलली. तुलेच्या दिवशी हलगी वाजत होती. ढेपेवर ढेप चढत होती, तरी माझं पारडं हलेना. पोरं नाचत होती. विजयमालेने पदराने तोंड झाकून घेतलं. लोकांना वाटलं, लाजली. पण तिचा श्वास माझ्या साखळ्यांत जाणवत होता, मित्रांनो. नुसतं बसल्या जागी ती धापत होती. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

त्यानंतर माझे दिवस फिरले. तुला कमी झाल्या. साखळ्या गंजल्या, एका पारड्याखाली गांधीलमाश्यांनी घर केलं. माझ्याकडे फिरकायची ती एकटी विजयमाला. तिला आता देवळाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, ती खालूनच हात जोडी. मग दुपारी, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, माझ्या पारड्याच्या कडेवर टेके आणि साखळीला डोकं लावून डोळे मिटे. वारा आम्हा दोघांना हळूहळू झोके देई. नदीवरून गुऱ्हाळाचा गोड वास येई. तिचा डोळा लागला की मलाही गुंगी येई, आणि आपण दोघं चिंचेच्या शेंड्यावरून तरंगत चाललो आहोत, दोघांनाही काही वजन नाही, असं काहीतरी मला दिसे. एवढ्यात तिचा श्वास अडके आणि ती दचकून उठे. मग पदर सावरून घरी जाई.

पुढे काही वर्षांनी आकाराम रजेवर आला. बायकोची दशा पाहून तो तिला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेला. परत आला तो नवीच बातमी घेऊन. देवळासमोर बसून तो आईला सांगत होता, "आये, तितं नवं आपरेशन करत्यात. पोटातली आतडी आखूड जोडायची. मग खाल्लेलं अंगी लागत न्हाई. माणूस बारीक हुतंय."

"पोट फाडून?" रंगुबाईने कपाळाला हात लावला. पण बाई मोठी खमकी. तिथल्या तिथे देवळाकडे वळून म्हणाली, "सिदोबा, सून सुखरूप घरी येऊ दे. तिच्या भाराचा गूळ परत वाटीन!"

झालं! नानासो गुरव आतून बाहेर आले. "रंगुबाई, नवस बोललीस खरं, पण कवाचा भार? आत्ताचा का बारीक झाल्यावरचा?"

"म्हंजी?"

"अगं, आपरेशन झाल्यावर सून निम्मी हुणार. मग गूळबी निम्मा. देवाला फसीवल्यागत हुतंय की!"

"मग आत्ताच तोलू."

"आदीच नवस फेडला, तर देव काम कशाला करंल?"

या प्रश्नावर सगळं गाव जमा झालं. कुणी म्हणे आजच्या भाराची खूण करून ठेवा, कुणी म्हणे अर्धा आधी, अर्धा मागून. शंकेखोर म्हातारे, गुळावर डोळा ठेवलेली पोरं, सगळी बोलत होती. आणि जिचं पोट फाडायचं ती माझ्या पारड्याच्या कडेला बसून हे ऐकत होती. हसू का रडू, असा तिचा चेहरा झाला होता.

"आत्या," विजयमाला म्हणाली. सासूला ती आत्या म्हणे. "आवं, मी जाणारच हाय असं कुणी ठरीवलं?"



"डॉक्टरनी मला म्होरं बसवून सांगितलंय. ह्या आपरेशनातनं समदीच उठत न्हाईत. उठलं तरी पोट जलमभर ढाळतं, ताकद ऱ्हात न्हाई. तुमी समदी गुळाचं बोलतायसा. मला कुणी इचारलं का?"

आकाराम खाली बघू लागला. रंगुबाई मात्र म्हणाली, "अगं, पर तुला एवढा तरास तरी कसला हाय? धन्यासाठी रातरात जागलेली बाई तू…"

"धन्यासाठी न्हाई, आत्या." विजयमालेचा आवाज अगदी बारीक झाला. "आडवं पडलं की मला गुदमरतंय. म्हणून बसती. लढाईच्या आदीपासनं बसती. तुमी समद्यांस्नी तसं सांगितलंसा, बाया पाया पडाय लागल्या, मग मला खरं सांगवंना. पाठ टेकून कवा झोपले, त्ये मला याद बी न्हाई."

मित्रांनो, रंगुबाई जिथे होती तिथेच मटकन खाली बसली. "एका घोंगड्यावर निजतो की गं आपण दोघी," ती पुटपुटली. "आन मी गावाला कवतिक सांगत फिरले." तिने सुनेचे दोन्ही हात धरले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने विचारलं, "तुला काय पायजे, पोरी?"

विजयमालेने माझ्या साखळीला डोकं टेकवलं. तिच्या धापेने माझी साखळी हलत राहिली. सगळं गाव तिच्या तोंडाकडे पाहत होतं, आणि मला फार भीती वाटत होती. नाही म्हणाली तर श्वास तिला कुठवर पुरेल? हो म्हणाली तर ती परत येईल का? आयुष्यभर मी दोन बाजू तोलत आलो, पण त्या दिवशी माझा काटा लागेना.

"भ्या लय वाटतंय," ती म्हणाली. "पर एकदा पाठ टेकून झोपायचंय मला. तेवढ्यासाठी जाते. बारीक दिसाय न्हाई आन नवसासाठी बी न्हाई."

रंगुबाई उठली, देवळाकडे पाहून म्हणाली, "देवा, नवस मागं घेतला."

"नवस मागं घेता येत न्हाई!" नानासो ओरडले.

"त्ये मी आन देव बघून घिऊ. तुमी घंटा वाजवा." आणि सुनेचा हात धरून ती घरी गेली. मिरजेलाही तीच सोबत गेली.

नंतर सारं सोन्यासारखं झालं, असं मी सांगणार नाही. विजयमाला बरेच दिवस मिरजेला होती. परत आली तेव्हा चेहरा उतरला होता, केस विरळ झाले होते. डॉक्टरांनी सांगितलेला पोटाचा त्रास खराच निघाला, तो तिला पुढेही कधी सुटला नाही. दवाखान्याच्या वाऱ्या चालूच राहिल्या. हा सौदा तिने डोळे उघडे ठेवून केला होता, आणि याबद्दल तिने कुणाला दोष दिला नाही.

पण एके दुपारी त्या दोघी देवळात आल्या. विजयमाला पायऱ्या चढली, उतरली आणि दमली. रंगुबाईने माझ्या शेजारीच सावलीत घोंगडं अंथरलं. सून त्यावर टेकली. आधी कुशीवर झाली, मग भीत भीत उताणी. मी वाट पाहत होतो, आता दचकून उठेल, आता उठेल. ती उठली नाही. तोंड किंचित उघडं, छाती शांतपणे वरखाली होत होती. रंगुबाई उशाशी बसून पदराने माश्या वारत होती आणि रडत होती. पोरं माझ्यावर झोके घ्यायला धावत आली, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. नदीवरून वारा सुटला. माझ्या गंजक्या साखळ्यांची करकरायची सवय तुम्हाला ठाऊक नाही, पण त्या दुपारी सगळं बळ एकवटून मी हललो नाही.

आता मी थकलोय, मित्रांनो. साखळ्यांना कधी थेंबभर तेल दिलंत, तर तुमचे उपकार होतील. नाही दिलंत तरी रुसणार नाही. पण तुमच्या घरात कुणी रात्रभर भिंतीला टेकून बसत असेल, तर त्याचं कौतुक गावाला सांगण्याआधी त्याच्याजवळ जा आणि विचारा, "झोप का येत नाही तुला?"