पायातून निघणारी चरबी

"निघाली! निघाली!" बायका ओरडल्या आणि मागच्या रांगांतले लोक खुर्च्यांवर चढले.

बेलापुरातल्या लग्नाच्या हॉलात, जिथे एरवी नवरानवरी बसतात त्या स्टेजवर जठरयोगी राजवर्धनजी उभे होते. पांढरा कुर्ता, कॉलरला माइक. समोर सहा टब आणि प्रत्येकात कुणाचे तरी दोन पाय. पाणी बघता बघता पिवळं, मग विटकरी, मग काळपट झालं. वर हिरवट फेस आणि फेसात तेलाचा तवंग.

"ही बघा तुमची चरबी! वडापावची, कोल्ड्रिंकची! आता परदेशातले सायंटिस्ट सांगतात, लठ्ठपणा आतड्यातल्या जंतूंमुळे होतो. अहो, आमच्या गुरुजींना ते मायक्रोस्कोपशिवाय दिसलं होतं! जंतू वरून खातो, म्हणून त्याला खालून ओढायचा. कुठून? तळव्यातून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिसऱ्या टबात पाय सोडून पुतळा बसली होती. जवळच्या दिवाळे गावची कोळीण. अठरा वर्षं मी तिच्याकडून मासळी घेते. मी अरुणा, शाळेत जीवशास्त्र शिकवते. त्या दिवशी तिनेच मला हट्टाने नेलं होतं. पहाटे मासळी आणायची आणि दुपारपर्यंत बाजारात बसायचं, म्हणून वडापाव, बिस्किटं आणि गोड चहावर तिचे दिवस जात. वजन ब्याण्णव किलो आणि सहा वर्षांपासून साखर.

बाहेर पडताना तिचा चेहरा फुलला होता. "बाई, बगितलं ना? किती घान निंगाली माजे पोटातली!"

"पुतळाताई, आतड्यातून तळपायाला जायला वाटच नाही."

"पन पोटान जंतू असतान का नाय?"

"असतात. अब्जावधी असतात."

"मंग तो येगलं काय बोलतो?"

मी समजावत राहिले. आपण जे खातो त्यावरच ते जंतू जगतात. भाज्या, डाळी, नाचणी मिळाली तर उपयोगी जंतू वाढतात. नुसता मैदा आणि साखर दिली तर ते कमी होतात. जाड माणसांच्या आतड्यातले जंतू थोडे वेगळे दिसतात, पण वजनाला तेवढंच एक कारण नसतं. जेवण बदललं तर महिन्यांनी फरक पडेल, आणि पडेलच असंही नाही.

पुतळा हसली. "तुमचं सायन्स बोलतं, पडलच असं नाय. महाराज बोलतान, निंगल म्हंजे निंगल."

 

महाराजांच्या सांगण्यावरून तिने डॉक्टरांनी दिलेल्या साखरेवरच्या गोळ्या बंद केल्या, कारण म्हणे गोळ्यांवर जंतू पोसतात. रोज एक चूर्ण सुरू झालं. त्याने दिवसातून सहा-सात वेळा पोट साफ होई. पंधरा दिवसांत काटा चार किलोंनी उतरला. मी तिच्या मुलाला, रूपेशला, फोन केला. तो म्हणाला, "बाई, आई ऐकत नाय. आनि वजन उतरलंय ना? मग टेन्शन कशाला?"

चौथ्या रविवारी 'महाधुलाई' झाली. पाणी जास्त गरम आणि अर्ध्या तासाची बैठक. शेजारच्या टबातल्या बाईने चटका बसताच पाय काढून घेतले. पुतळाला काहीच कळलं नाही, कारण साखरेने तिचे तळवे कधीच बधिर केले होते. संध्याकाळी उजव्या पायाला लिंबाएवढे फोड आले. महाराज फोनवर म्हणाले, "उरलेले जंतू निघतायत. डॉक्टरला दाखवाल तर आत जातील."

तिने बारा दिवस दाखवलं नाही. पाय चिंधीत गुंडाळून ती मासळी विकत राहिली. ताप चढून बाजारातच पडली, तेव्हा पाय काळा पडला होता. गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढच्या रविवारी मी पिशवीत एक दुधी भोपळा घेऊन हॉलात गेले. माझा नंबर आल्यावर पायांऐवजी दुधी टबात ठेवला. कुणी अडवायच्या आत पाणी पिवळं झालं, मग विटकरी, मग काळपट.

"महाराज, या दुधीची चरबी किती किलो?"

लोक हसले. मी हात पाण्यात घालायच्या आधी टबाला जोडलेल्या तारेचा प्लग काढला आणि तळातल्या दोन लोखंडी पट्ट्या वर काढून दाखवल्या. "मिठाच्या पाण्यात या पट्ट्यांतून वीज सोडली की लोखंड गंजतं. हा रंग गंजाचा आहे. वरचा तवंग आधी पायांना चोळलेल्या तेलाचा. चूर्ण जुलाबाचं आहे. अंगातलं पाणी जातं म्हणून काटा उतरतो. चरबी जागच्या जागी राहते."

पुढच्या रांगेतले लोक वाकून पट्ट्या बघू लागले. मला वाटलं, जिंकले.

राजवर्धनजींनी हात जोडले. "ताईंचे आभार! दुधीत जंतू नसतात काय? त्याचेही निघाले! यंत्राची परीक्षाच झाली!"

टाळ्या. पुढच्या रांगेतली एक बाई उठून म्हणाली, "महाराज, आठवड्याची भाजी इथे धुवून मिळेल का?"

मी पोलिसांत अर्ज दिला. तिथे म्हणाले, पेशंटच्या घरच्यांची तक्रार आणा. रूपेशने सही केली नाही. "आई बोलते महाराजांची चूक नाय. तिनं नियम मोडून सुकट खाल्ली, म्हनून झालं." आता पलीकडच्या करंजाडे गावातही महाराजांचे बोर्ड लागलेत आणि टब आठ झालेत.

परवा पुतळाला भेटायला गेले. खाटेवर बसून बसून ती आणखी जाड झाली आहे. आजूबाजूला कुणी नाही बघून तिने मला जवळ बोलावलं.

"बाई, आता येकच पाय हाय. येका पायातशी सगली चरबी निंगल का?"

मी उशाशी पडलेली साखरेवरची गोळी आणि पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. 

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला तरी सांगते. पोटातले जंतू खरे आहेत, त्यांच्यावरचं संशोधनही खरं आहे, आणि म्हणूनच त्यांच्या नावाने खोटं खपतं. कुणी असा टब मांडला तर त्याला एवढंच म्हणा: पाय न घालता चालू करून दाखव. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणाच्याही शब्दावर बंद करू नका. किती जण ऐकतील, मला माहीत नाही. पुतळाने ऐकलं नाही.