ग्रहणातला खड्डा

"उठला! पांगळा उठला!"

उमरग्याजवळच्या माळावर गर्दी एकदम ओरडली. निजामाच्या राज्यात दवाखाना लांब आणि महाराज जवळ, त्यामुळं अशा गर्दीला तोटा नव्हता. सूर्याला ग्रहण लागलं होतं. महांतप्पा महाराजांनी कमरेपर्यंत मातीत पुरलेल्या गुलबर्ग्याच्या बंडप्पाला खड्ड्यातून वर काढलं, आणि स्वतःला जन्माचा लुळा म्हणवणारा तो गडी चक्क चालायला लागला.

"भूमाता पाय गिळते, भूमाताच परत देते!" महाराज गरजले. "ग्रहण सुटायच्या आत या!"

शेजारच्या खड्ड्यात जगदेवी होती. लहानपणी ताप आला, तेव्हापासून तिचे दोन्ही पाय निर्जीव. हातांवर सरकतच ती मोठी झाली. गल्लीतल्या ईरण्णाचा तिच्यावर जीव होता, पण त्याची आई शांताक्का म्हणाली होती, "पायावर उभी राहिली तर सून म्हणून आणते. न्हायतर माझं तोंड बघू नगं." म्हणून ईरण्णानंच खड्डा खणला होता. मातीही तोच दाबत होता.

"दुखतंय का गं?"

"पोट आवळतंय. दाब आणखी," जगदेवी म्हणाली. "येऊ दे पाय."

ग्रहण सुटलं. जगदेवीनं डोळे मिटून सगळा जोर लावला. काही हललं नाही. पुन्हा लावला.

"महाराज, माझं काय चुकलं?"

"हिच्या मनात परपुरुष हाय! पापी मनाला भूमाता पाय देत न्हाय!"

लोकांनी माना डोलावल्या. तिच्या बापानं, महालिंगप्पानं, उपरण्यात तोंड लपवलं. जगदेवी मातीवर गाल टेकून हुंदके देत राहिली. एवढ्यात बंडप्पा लोकांना पाया पडू देत देत तिच्यासमोर आला. त्याच्या टाचा तिच्या डोळ्यांसमोर होत्या. काळ्या, जाड, भेगाळलेल्या.

तिनं त्याचा घोटा घट्ट धरला आणि बापाला हाक मारली.

"आप्पा! माझा तळवा तुम्हाला ठाव हाय, लोण्यासारखा मऊ. जमिनीला लागलाच न्हाय कधी. हा जलमाचा पांगळा, तर ह्याच्या टाचंला भेगा कशानं पडल्या? सरकून सरकून माझ्या हाताला घट्टे पडले. ह्याचे हात बघा!"

लोक वाकून बघू लागले. बंडप्पानं पाय हिसडला आणि पळत सुटला. जन्माच्या लुळ्याचं ते पळणं साऱ्या गावानं पाहिलं. महाराज त्याच्याही पुढं होते.

ईरण्णानं जगदेवीला उकरून वर काढलं.

"पाय न्हाईत यायचे," ती म्हणाली. "मला अशीच नेतोस का?"

त्यानं गर्दीतल्या आईकडं पाहिलं.

"चल घरी," शांताक्का म्हणाली.

तो हाताची माती झाडत निघून गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. जगदेवीनं अन्न टाकलं. बाप घास घेऊन बसे, ती भिंतीकडं तोंड करी. मरण मात्र आलं नाही.

पुढं एका ग्रहणाला गौराबाई नावाची बाई लुळ्या पोरीला घेऊन दारात आली. "इथं पुरत्यात म्हणं. खड्डे कुठं हाईत?"

जगदेवी सरकत उंबऱ्यापाशी आली.

"माती पाय देत असती तर मी उठले असते, बाई. महाराजाचा पांगळा धडधाकट होता. खड्ड्यात पोर घुसमटंल, अन् पाय न्हाईत म्हणून दोष तिच्याच माथी मारत्याल. तिला कडेवर घे. बाजारात ने, जत्रंत ने. चारचौघांत 'ही माझी पोर' म्हण. मला तेवढंच पायजे हुतं."

गौराबाई उंबऱ्यातच बसली आणि तिनं पोरीला मांडीवर घेतलं.