यादीत नसलेला पत्ता

तिने शेवटची ओळ टाईप केली, एंटर दाबलं आणि घरातलं इंटरनेट ठप्प झालं.

चार वाजायला पंचवीस मिनिटं होती. चारला कंपनीचे परीक्षक आपल्या ऑफिसातून तिच्या राउटरमध्ये शिरून बघणार होते. त्यांनी कळवलेल्या एकाच पत्त्याला, म्हणजे त्यांच्या इंटरनेट जोडणीच्या आकड्यांना, दार उघडं, बाकी जगाला बंद. एवढं जमलं तर नोकरी. राउटर म्हणजे भंगारातून उचललेला जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स आणि तिची तीन आठवड्यांची झटापट.

बाबा मागे स्टुलावर बसले होते. उभा जन्म कारखान्याच्या गेटवर काढलेला माणूस. कॉम्प्युटरचा गंध नाही, पण कोणाला आत सोडायचं हा विषय निघाला की त्यांच्या अंगातच यायचं.

"वाच बरं काय लिहिलंयस ते."

"पहिला नियम, कोणालाही सोडू नये. दुसरा, आतून मागवलेलं असेल ते येऊ द्यावं. तिसरा, परीक्षकांना सोडावं."

"आणि मशीन वाचतं कसं?"

"वरून खाली. एक नियम लागू पडला की थांबतं."

"मग पहिल्या ओळीलाच सगळे परत गेले. खालची यादी वाचतंय कोण?"

तिने कपाळावर हात मारला. पहिली ओळ उचलून तळाशी टाकली, एंटर दाबलं, आणि इंटरनेट सुरू. आनंदाने ती खुर्चीसकट एक गिरकी घेऊन आली. बाबांनी घाईघाईने पाय वर घेतले.

चार वाजले. पडद्यावर ओळ उमटली: नाकारलं. मग आणखी एक. पत्ता भलताच होता. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, मी आज घरी बसलोय," परीक्षक म्हणाले. "तो पत्ता माझाच आहे. घ्या आत, पुढच्या उमेदवाराची वेळ होतेय."

तिची बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथेच थांबली.

"सर, हा पत्ता कंपनीच्या मेलवरून पाठवाल का? आला की लगेच सोडते."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"तसं नाही, सर. पत्ता यादीत नाही."

पलीकडून फोन ठेवला गेला.

"सोडायचं होतंस," बाबा हळूच म्हणाले.

ती गर्रकन वळली. "तुम्ही म्हणताय हे?"

"मालकाच्या जावयाला अडवलं होतं मी. पास नव्हता त्याच्याकडे. पुढची अकरा वर्षं मागच्या गेटवर काढली."

आई तर सांगायची, मागचं गेट बाबांनीच मागून घेतलं, तिथे सावली असते म्हणून.

"मग सोडायला हवं होतं का त्याला?"

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसत बसले. चांगला स्वच्छ झाला तरी पुसतच होते.

"नाही," ते म्हणाले.

सहा मिनिटांनी मेल आली. कंपनीच्याच खात्यावरून, एका ओळीची. तिने आकडे यादीत उतरवले, शेवटच्या नियमाच्या वर, पण एंटर दाबलं नाही. खुर्ची बाजूला सरकवून तिने बाबांना जागा करून दिली.

बाबांनी चष्मा चढवला. पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा मेलशी ताडून पाहिला. मग पुन्हा पहिल्यापासून.

"सोड आता," ते म्हणाले.