अडॅप्टरवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना अडॅप्टर आहे. साबणाच्या वडीएवढे माझे अंग, राखाडी पत्र्याचे, आणि त्याला वीतभर वायर. एका लांबलचक कारखान्यात हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडले. चार्जर, टीव्हीचा पडदा, डिस्क, सगळ्यांसाठी त्यांनी माझ्या अंगाला खिडक्या ठेवल्या, आणि मेमरी कार्डासाठी एक बारीक चीर. तपासणाऱ्या बाईने सगळे एकदम लावून पाहिले, मान हलवली आणि मला खोक्यात घातले.

मला विकत घेतले ते एका मुलीने. लोकांच्या समारंभांचे व्हिडिओ जुळवून देणे हे तिचे काम. तिचा लॅपटॉप पातळ आणि तेवढाच कंजूष. त्याला भोक एकच. चार्जर लावला की कार्ड लावायला जागा नाही. मी आलो आणि त्या भोकाशी ठाण मांडले. बाकीचे सगळे माझ्या अंगावर.

"हा नसता ना आई, तर माझं काम बंद पडलं असतं," ती म्हणायची.

"मग त्यालाच जेवायला वाढ. तू काही उठत नाहीस," आई म्हणायची.

काम वाढले की माझे अंग तापे, पण मी काम टाकले नाही. माझी घडणच मात्र अशी, की चालू कामात चार्जरची वायर उपटली तर मला क्षणभर भोवळ येते आणि धरलेले सगळे हातातून सुटते. मुलीला हे ठाऊक होते. "माझ्या वायरीला कुणी हात लावू नका," असे ती घरभर सांगे. पण तिचा दादा येता-जाता तीच वायर काढून आपल्या फोनला लावी. "पाच मिनिटं गं. तुझा लॅपटॉप काही मरत नाही."

त्यांचे वडील, अण्णा, भाजीच्या बाजारात लिलाव पुकारत. आवाज असा की मागच्या गल्लीतले हमाल वळून पाहत. भाव सगळे तोंडपाठ, पण अक्षर शिकायचे राहून गेले ते राहूनच गेले. त्यांच्या घशात गाठ निघाली. आवाजाची पेटीच काढावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा मुलगी रेकॉर्डर घेऊन त्यांच्यापुढे बसली.

"बोला ना अण्णा. काहीही बोला."

"काहीही म्हणजे? फ्लॉवरचा भाव सांगू?"

"सांगा."

त्यांनी बसल्या जागी अख्खा लिलाव पुकारला. दादाला उशिरा उठण्यावरून झापले. शेवटी आईला एका लाडक्या नावाने हाक मारली. ते नाव मुलांनी कधी ऐकले नव्हते. "बंद कर गं ते यंत्र. या वयात काय हे," आई म्हणाली, पण जागची हलली नाही.

अण्णा दवाखान्यातून परतले ते गळ्याला फडके बांधून, मुके होऊन. काही दिवसांनी मुलीने रेकॉर्डरमधले कार्ड माझ्या चिरेत सरकवले, शेजारी डिस्क लावली. तिच्या धंद्यात कार्डावर काही ठेवत नाहीत. पुढच्या कामासाठी ते रिकामे लागते. म्हणून नक्कल न करता ती सगळे उचलूनच डिस्कवर हलवी. बापाच्या आवाजालाही हाताने सवयीने तेच केले. मग ती अण्णांच्या गोळ्या कुटायला आत गेली.

अण्णांचा आवाज माझ्या अंगातून चालला होता. दादा फोनवर बोलत आला आणि त्याने वायर उपटली.

मला भोवळ आली. समोर बसलेल्या अण्णांनी पाहिले. ते टेबलावर तळहात आपटू लागले.

"पाणी हवंय का अण्णा? आणतो, थांबा."

मग त्याची नजर पडद्यावर गेली. आतून पावले वाजली तशी त्याने वायर परत खुपसली.

"दादा, वायर काढलीस?"

"मी? लावलेली दिसत नाही का? हे तुझं डबडंच असलं. बघ किती तापलंय."

तिने माझ्यावर बोट ठेवले. मी खरोखर तापलेला होतो.

दुरुस्तीवाल्याने कार्डावर आणि डिस्कवर, दोन्हीकडे तो आवाज शोधला. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि दोन्हीकडे नुसता चुरा. "असले अडॅप्टर दगा देतातच," तो म्हणाला. मुलगी रडली, आणि तिने मला कचऱ्याच्या डब्यात टाकले.

अण्णांनी मला तिथून उचलले. जेवायला सगळे बसले असताना त्यांनी मला दादाच्या ताटाशी ठेवले. बोट आधी माझ्या चार्जरच्या खिडकीकडे, मग त्याच्या छातीकडे. पुन्हा तसेच.

"काय म्हणतायत हे?" आईने विचारले. अण्णांच्या खुणा दादालाच लवकर कळत, म्हणून सगळे त्यालाच विचारत.

दादाने मान वर केली नाही. "काही नाही. ते बिघडलंय, फेका म्हणतायत."

"फेकते हो अण्णा," मुलगी म्हणाली. "नवा आणलाय मी."

अण्णांनी हात खाली घेतला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना जपा, एवढे मागून मी थांबलो असतो. पण मी तापलो तर गार होतो, मोडलो तर दुसरा मिळतो. कुणाचे काम चालू असताना वायर काढू नका. काढलीच, तर काढली म्हणून सांगा. त्या घरात खरे काय घडले ते तिघांना ठाऊक आहे. त्यांतल्या दोघांना बोलता येत नाही.