टाळ्यांमधली रिकामी जागा

मी माईक बोलतोय. 'बोलतोय' म्हणताना जरा चाचरतोच, कारण जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोलणं मोठं करून सांगितलं. तेव्हा स्वतःची गोष्ट सांगायचा मला कितपत अधिकार आहे, कोण जाणे. पण मालनचं गाणं माझ्याइतक्या जवळून कुणी ऐकलेलं नाही, एवढ्या आधारावर धीर करतो.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यातला. जाळीचं तोंड, आत पातळसा पडदा आणि मागे लांबलचक वायर. त्र्याऐंशी साली ठाण्याजवळच्या माजिवडे गावच्या दगडूने मला आणलं. मांडव, खुर्च्या आणि भोंगे भाड्याने देणं हा त्याचा धंदा. तिथे मला माणसांची पहिली सवय कळली. कुणीही मला हातात घेतलं की आधी टपली मारतं, मग फुंकर मारतं, मग हॅलो हॅलो म्हणतं. मी जागाच असतो, पण विश्वास कुणाचा बसत नाही. खरं तर माझाही माझ्यावर नव्हता. घाबरलो की मी शिट्टी मारायचो.

गावातल्या हळदीला मात्र मला लांब ठेवत. तिथे मान जनाबाईंचा. त्या धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी म्हणणाऱ्या.

"ह्याच्यात कोन कोन थुकलंय कुनास ठाऊक. दूर ने त्याला, दगडू," त्या म्हणायच्या.

त्यांच्या हळदीच्या गाण्याची रीत अशी, की प्रत्येक कडव्यात मांडवातल्या एकेकाचं नाव यायचं आणि नाव आलेल्याने उठून हळद लावायची. 'हळद लावा गो, हळद लावा, कलावती काकीला पुढं बोलवा.' नाव एकाचंही गाळायचं नाही. ज्याचं राहिलं तो न जेवता उठायचा, आणि मग त्या घरचं जाणं-येणं बंद.

जनाबाईंच्या शेजारी त्यांची भाची मालन बसे. आत्याच्या मागे ती जागा तिचीच, हे गाव धरून चाललं होतं. पण मालनला माझीही ओढ होती. दुपारी ती भाऊ राघो आणि चुलतबहीण मंजुळा यांना घेऊन दगडूच्या शेडमध्ये यायची. राघो लोखंडी खुर्चीच्या पाठीवर ठेका धरायचा आणि तीच जुनी गाणी तिघं वेगळ्याच उडत्या चालीत, तीन आवाजांत गायची. पहिल्या दिवशी मालनने मला टपली मारली नाही. फुंकरही नाही. सरळ गायली. माझा पडदा असा थरारला की शिट्टी मारायचं भानच राहिलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या गणपतीत दगडू म्हणाला, "डोंबिवलीच्या मंडळात लोकगीतांची स्पर्धा हाय. मांडव माझाच हाय. पयला नंबर आला तर मुंबईची कंपनी कॅसेट काढनार. नाव घालू?"

"आत्या मारंल," मालन म्हणाली.

"तुला मारंल. मी पलून जाईन," दगडू म्हणाला.

जनाबाईंनी मारलं नाही. अट घातली. "गानं ने. पन कुनाचं नाव गाळून, अर्ध्यावर टाकून आलीस, तर माझ्या बाजूला बसायचं नाय."

"आत्ये, थितं आपलं सोयरं कोन हाय?"

"मांडवात बसला तो सोयरा."

स्पर्धेत प्रत्येकाला पाच मिनिटं होती. मग घंटा. त्यापुढे गायलात तर बाद. मालनने मला हातात घेतलं आणि पुढच्या रांगेतल्या बाईंना विचारलं, "काकू, नाव काय तुमचं?"

"अगं, मी कशाला? सरस्वती."

सरस्वतीकाकूंचं नाव गाण्यात आलं आणि मांडव हलला. "आमच्या वहिनींचं घे गं!" "आमच्या साहेबांचं घ्या, विठ्ठलराव. बघू हसतात का." विठ्ठलराव हसले. मी तर आनंदाने गरम झालो होतो.

तेवढ्यात घंटा वाजली.

"मालू, घंटा," राघो कुजबुजला. तेही मी ऐकलं. मागच्या रांगांतले हात अजून वर होते. थांबली तर कॅसेट, गायली तर आत्याशेजारची जागा. तिचा श्वास माझ्या जाळीवर एकदाच अडखळला. मग तिने पुढचं नाव घेतलं, आणि सगळे हात खाली येईपर्यंत ती थांबली नाही.

तिघं बाद झाली. टेम्पोतून परतताना राघो म्हणाला, "आता ह्या डोंबिवलीकरांच्या नावांचं काय लोनचं घालू?"

लोणचं घालायची वेळ आली नाही. दिवाळीनंतर सरस्वतीकाकूच पत्ता विचारत शेडमध्ये आल्या. त्यांच्या मुलीची हळद होती. तिथून ठाकुर्ली, कल्याण, खोपट अशी बोलावणी येत गेली. लोकच तिघांना 'हळदीची पोरं' म्हणू लागले. मांडवाबाहेर गर्दी, गॅलऱ्यांत गर्दी, आणि मधोमध मी! एक्याण्णव साली तीच कॅसेट कंपनी आपल्या पायांनी माजिवड्यात आली.

जनाबाईंनी एकच विचारलं, "कॅसेट ऐकनारा कोन? त्याचं नाव कुठून आननार?"

मालनने दोन टाळ्या वाजवून पाहिल्या. मग म्हणाली, "नावाच्या जागी आमी गायचं नाय. नुसत्या टाळ्या. ऐकनारा आपलं नाव घेईल."

कंपनीचे साहेब म्हणाले, "लोकांना वाटेल, टेप खराब आहे."

"मग राहू द्या, साहेब," मालन म्हणाली. साहेबांनीच मान्य केलं.

रेकॉर्डिंगला मला नेलं नाही. माझ्याच्याने ते झालंही नसतं. पण कॅसेट आली तेव्हा गावात एका हळदीला दगडूने टेपरेकॉर्डर मांडवात ठेवला आणि त्याच्या तोंडाशी मला धरलं. गाणं सुरू झालं, टाळ्यांमधली रिकामी जागा आली आणि माणसं आपापली नावं ओरडू लागली. म्हाताऱ्या, पोरं, आचारी. जनाबाई तेवढ्या गप्प होत्या. त्या नेहमी गाणाऱ्या, इतरांची नावं घेणाऱ्या. त्यांचं नाव आजवर कुठल्याच हळदीत आलं नव्हतं, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

पुढची रिकामी जागा आली. मालन माझ्यापाशी वाकली आणि म्हणाली, "जनाबाई."

भोंग्यांतून ते नाव हायवेपर्यंत गेलं असेल. जनाबाई उठल्या, नवरीला हळद लावली, परत येऊन सरकून बसल्या आणि बाजूची जागा हाताने झाडून म्हणाल्या, "बस."

पुढे बिनवायरचे माईक आले. आता मी दगडूच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला असतो. जाळी गंजली, पडदा बहुतेक फाटलाय. ती कॅसेट कुठे मिळाली तर लावा. टाळ्यांमधली ती जागा आली की गप्प बसू नका. आणि कधी माझ्यासारखा कुणी हातात आला, तर त्याला टपली नको, फुंकर नको. सरळ कुणाचं तरी नाव घ्या. तो जागाच असतो.