रुळावरचं कुंकू

गाडी तुम्ही बिघडवलीत, साहेब. सगळ्यांच्या देखत, टाळ्या घेत घेत बिघडवलीत. आणि वर म्हणालात, "चालवणाऱ्यालाच जमत नाही."

हे बोलणं राजरत्नच्या ओठांपर्यंत आलं होतं आणि त्यानं दातांखाली दाबून धरलं होतं. साताऱ्यातल्या नव्या विज्ञान केंद्राचा हॉल माणसांनी भरला होता. मधल्या लांब टेबलावर सांगलीकडचा मुलूख मांडलेला. रंगवलेल्या भुश्शाचा ऊस, पुठ्ठ्याचं स्टेशन, खाली कृष्णा आणि कृष्णेवर पूल. पुलावर वीतभर लांबीचं इंजिन दोन डबे घेऊन उभं होतं. उभं कसलं, उचकी लागल्यासारखं हिसके खात होतं. माणसं हसत होती.

राजरत्न सांगलीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होता. हंगामी. दर उन्हाळ्यात त्याची नोकरी मरायची आणि पावसाळ्यात साहेबांच्या, म्हणजे प्राचार्यांच्या, मर्जीनं पुन्हा उगवायची. आता या केंद्रात यंत्रं सांभाळायला एक कायमचा माणूस घ्यायचा होता. केंद्राच्या समितीवरही तेच, म्हणून घेणार साहेबच. त्यांनी महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं, "उद्घाटनाच्या पाहुण्यांसमोर गाडी नीट धावली, तर जागा तुझी." गंगाधर सर तेव्हा शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली होती.

गंगाधर सर म्हणजे कॉलेजातले निवृत्त मास्तर. मुलगी जर्मनीत. गेल्या साली, म्हणजे सत्त्याण्णवला, तिच्याकडून येताना त्यांनी हे इंजिन आणलं आणि सोबत दोन डिकोडर. डिकोडर म्हणजे नखाएवढी पट्टी, इंजिनाच्या पोटात बसवायची. साध्या खेळण्यात रुळातली वीज वाढवली की गाडी पळते, कमी केली की थांबते. इथं तसं नाही. रुळात वीज कायम खेळती, आणि त्या विजेतूनच हुकूम जातो, 'हळू चाल', 'दिवा लाव', 'थांब'. डिकोडर हुकूम ऐकतो आणि मोटरला चालवतो. पण रूळ आणि चाकाच्या मध्ये काही आलं, वीज तुटली, की त्याला भोवळ येते. शुद्धीवर येतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तेवढ्यात इंजिनानं हिसका दिलेला असतो.

पहिला डिकोडर राजरत्ननंच जाळला होता. मोटरची एक पत्ती इंजिनाच्या धातूला टेकलेली, ती सोडवायची राहून गेली. बटण दाबलं आणि धूर. सर दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. दुसऱ्याला मात्र त्यानं जीव लावला. पत्ती सोडवली, मधे टेपचा तुकडा सारला, मोटरवरचा डिकोडरला नडणारा बारका भाग काढून टाकला. तरी गाडी निघताना उडी मारायची. मग सुरुवातीला मोटरला किती वीज द्यायची तो आकडा डिकोडरात भरायचा, बघायचं, पुसायचा, पुन्हा भरायचा. असं करता करता एका दुपारी ती मुंगीच्या पावलानं पूल ओलांडून गेली, कुठं थरथर नाही की आवाज नाही. तेव्हा सरच ओरडले होते, "अरे, ही तर होडीसारखी चालली!"

त्या दिवसापासून रुळाला कोणी हात लावलेला त्याला खपत नव्हता. रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्यानं रूळ पुसायचा. इंजिन आईच्या जुन्या पातळात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन तो साताऱ्याला आला होता. कराडच्या पुढं एसटी आदळायला लागली तसा खोका उचलून छातीशी धरून बसला.

आणि आज उद्घाटनाला केंद्राचा शिपाई कृष्णात पूजेचं ताट घेऊन आला.

कृष्णात आणि राजरत्न दोघं पलूसकडचे, एका शाळेतले. कृष्णातनं हळूच विचारलं, "राजा, रुळाला लावू का रं हळदकुंकू? चालतंय न्हवं?"

'नको' म्हणायला किती वेळ लागतो? पण राजरत्न गप्प राहिला. कॉलेजात नवा जनरेटर आला तेव्हा तो बोलला होता, "पाणी उडवू नका, आत जाईल." तासाभरात स्टाफरूममध्ये झालं, "यांना आपली पूजा चालत नाही, दुसरं काय!" त्याच्या आज्यानं छप्पन साली धम्म घेतला होता. घरात नारळ फुटत नाही, कुंकू लागत नाही. पण ती गोष्ट घरातली. जनरेटरची गोष्ट जनरेटरची. ते कोणी ऐकून घेतलंच नाही. आता रुळाचं बोलला तरी हॉलात पोचणार होती ती जातच. वर नोकरी टांगलेली.

त्यानं टेबलाशी उभ्या असलेल्या गंगाधर सरांकडं पाहिलं. सरांना सगळं ठाऊक होतं. सर चष्मा काढून काचा पुसायला लागले.

"साहेबास्नी इचार," राजरत्न म्हणाला.

"लाव, लाव!" साहेब तिकडूनच हसले. "गाडी कशावर धावणार आहे? रुळांचाही मान असतो." कृष्णातनं ओली हळद आणि कुंकू इंजिनाच्या कपाळाला लावलं, मग दोन्ही रुळांना बोटं ओढली. साहेबांनी नारळ टेबलाच्या कडेवर हाणला. पाण्याची चिळकांडी थेट पुलावर. टाळ्या.

पहिली फेरी बरी गेली. पाहुणे "वा!" म्हणाले. राजरत्नला मात्र दिसत होतं की चाकं ते कुंकू उचलताहेत आणि सगळ्या रुळभर थापत निघाली आहेत. दुसऱ्या फेरीत दिवा मिचकला. तिसऱ्या फेरीत इंजिन पुलावर आलं आणि हिसके द्यायला लागलं.

"हे काय, इंजिनाला उचकी लागली?" पाहुणे म्हणाले. "कोणी आठवण काढली वाटतं!"

हॉल खदखदला. साहेबांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "हंगामी माणसाच्या हातचं काम हो. चालवणाऱ्यालाच जमत नाही. चला, तोवर चहा." पाहुण्यांना त्यांनी शेजारच्या खोलीत बसवलं आणि परत येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "सामान आवर. डिकोडर चुकीचा बसवलायस तू. आधीही एक जाळलास ना? गंगाधररावांनी सांगितलंय मला."

राजरत्ननं सरांकडं पाहिलं. सर पुठ्ठ्याच्या स्टेशनाकडं बघत होते.

त्यानं पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला.

"काय करतोयस?"

"रूळ पुसतो."

साहेबांचा आवाज चढला. "पूजेचं कुंकू पुसतोस? भरल्या हॉलात?"

पुढच्या ओळीतल्या एका बाईनं नकळत कपाळाला हात लावला. राजरत्नला कळत होतं आपण कशाला हात घालतोय. मघाशी नुसतं 'नको' म्हणायचं होतं, ते चुकवलं. आता तेच दहापट महाग होऊन समोर उभं होतं. कृष्णात पुढं झाला, बोळा घ्यायला हात पुढं केला आणि मध्येच थांबला. त्याची बायको पोटुशी होती.

"राजा, मला न्हाई रं जमायचं. कुंकू हाय त्ये."

"तू ऱ्हाऊ दे गड्या. लावलंस तू, पुसतो मी."

पुलापासून त्यानं सुरुवात केली. बोळा लाल झाला, दुसरा घेतला, तोही लाल. कोणीतरी मागून म्हणालं, "बघा, बघा, मुद्दाम करतोय." त्यानं मान वर केली नाही. पाणी टिपलं. इंजिन उलटं करून एकेक चाक फिरवत पुसलं. कपाळावरचं कुंकू मात्र ठेवलं. त्याचा विजेला त्रास नव्हता. मग इंजिन रुळावर ठेवलं, चाकं बोटानं चाचपली आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले.

तेवढ्यात दिवा लागला. इंजिन हललं, इतकं हळू की आधी कोणाला कळलंच नाही. उसामधून निघालं, स्टेशन मागं टाकलं, पुलावर चढलं. कोणी हसत नव्हतं. पुलाच्या मधोमध, जिथं नारळाचं पाणी पडलं होतं, तिथं राजरत्ननं वेग आणखी कमी केला. मुद्दाम. इंजिन होडीसारखं पलीकडं गेलं. शेजारच्या खोलीच्या दारात पाहुणे कप घेऊन उभे होते.

"चालली," गंगाधर सर पुटपुटले.

"आवं सर, ती पूजेआधी बी चालत हुती. तुमाला ठावं हुतं." राजरत्ननं लाल बोळे गोळा केले आणि पूजेच्या ताटात, साहेबांच्या समोर ठेवले. "डिकोडर म्या बसवलाय. पहिला जाळला त्यो बी म्याच. मघाशी रुळाला नको म्हणायचं हुतं, भ्यालो, गप बसलो. त्ये बी माझ्याच माथी मारा. पर एक सांगा साहेब. मी नको म्हटलं असतं, तर तुमी काय ऐकलं असतं? रुळाचं, का माझ्या जातीचं?"

साहेबांनी पाहुण्यांकडं पाहिलं.

"तिकडं न्हाई. हिकडं बघून सांगा. गाडी फिरतीया तवर मी हितंच उभा हाय. बोला, काय ऐकलं असतं?"