मेजूची आई

मागच्या डाव्या पंजाची मधली दोन बोटं पाण्याखालच्या फिरत्या पट्ट्यावर टेकली, तेव्हा ती सुलटी होती. आतापर्यंत ती उलटी पडायची; नखांची वरची बाजू पट्ट्यावर घासत मागे जायची आणि तिच्यामागून सगळा पाय फरफटत जायचा. इनसुकने चष्मा कपाळावर सरकवला, टाकीच्या काचेला जवळजवळ नाक लावलं आणि पुढच्या पावलाची वाट पाहिली. पुन्हा सुलटी. केसांत अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे पाऊल टेकताच सुटले आणि वर गेले.

"बघितलंत ना, मेजूची आई?" उपचार करणारी सोदाम म्हणाली. रबरी विजार घालून ती टाकीत कुत्र्याच्या मागे गुडघ्यांवर बसली होती. कोमट पाणी मेजूच्या कमरेपर्यंत होतं. त्याचं निम्म्याहून अधिक वजन पाण्याने उचललं होतं आणि खालचा पट्टा सावकाश फिरत होता.

"बघितलं."

"मग जरा हसा की."

इनसुक हसली नाही. पाऊल सुलटं पडणं आणि पाऊल टाकणं यांतला फरक तिला माहीत होता. मुलींच्या शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची.

वसंतात मेजूने कोचावरून उडी मारली आणि तो तसाच खाली बसून राहिला. मणक्यातली चकती सरकली होती. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, पण मागच्या पायांत जोर आला नाही. तेव्हापासून शाळा सुटली की ती त्याला उचलून समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात आणायची. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने कुत्र्याचं नाव विचारलं आणि थोड्या वेळाने हाक मारली, "मेजूची आई, आत या." इनसुकने मागे वळून पाहिलं होतं, कोण बाई आहे म्हणून.

सासरी लेकुरवाळ्या बायकांना मुलाच्या नावाने हाक मारत. धाकटी जाऊ लग्नानंतर वर्षभरातच जुनहोची आई झाली. इनसुक मात्र केस पांढरे झाले तरी सूनबाईच राहिली.

फोन थरथरला. नवऱ्याचा, तेसोकचा निरोप होता: आई पोचली, पण दार उघडत नाही म्हणते. तू कुठे आहेस?

तिने उत्तर लिहायला घेतलं, तोवर लिफ्टचं दार उघडलं आणि सासूबाईच आत आल्या. खांद्याला पिशवी, दोन्ही हातांत गुलाबी दोरीने बांधलेली थर्मोकोलची पेटी. वीसंगहून बसने येऊन, चढ चढून, वर इथवर. पण दम लागलाय हे दिसू नये म्हणून त्या तोंड मिटून नाकाने श्वास घेत होत्या.

"दार बिघडलंय तुमचं," त्या म्हणाल्या. "यांच्या श्राद्धाची तिथीच ना त्याचे आकडे? दाबले की ठणाणा करतं. शेजारीण बाहेर आली. तिला वाटलं चोर आहे."

"बिघडलं नाही, आई. आकडे बदललेत."

"मला कोणी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पेटी बाकावर ठेवली आणि दोरीची गाठ उगाचच एकदा आवळली.

"खाली वॉचमनला विचारलं. म्हणाला, मेजूची आई समोर दवाखान्यात असेल. मी म्हटलं, कोण मेजूची आई? तर म्हणतो, तुमची सून." त्यांनी टाकीकडे मान वळवली. "हा तो मेजू होय? बरं केलंस. तोंड बघूनच नाव ठेवलेलं दिसतंय."

मेजू म्हणजे सोयाबीन उकडून, कुटून, वळचणीला टांगून आंबवायची वीट. कुत्रा त्याच रंगाचा होता, तसाच लांबोडका आणि चौकोनी. इनसुकलाही नाव सुचलं होतं ते तसंच. पण सासूबाईंच्या तोंडून ते ऐकताना तिने टाकीच्या काचेवर हात ठेवला, जणू आतल्याला ऐकू जाऊ नये.

"मेजूच्या आजी, तो टॉवेल देता का जरा?" सोदाम पट्टा थांबवत म्हणाली.

"मला दोन नातू आहेत," सासूबाई म्हणाल्या. "दोघंही दोन पायांचे."

"हाही सध्या दोनाचाच आहे. आम्ही चार करायला बघतोय."

सासूबाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यांनी टॉवेल दिला.

टाकीतलं पाणी उतरलं. मेजूला पुसून, वारं देऊन सुकवून सोदामने त्याला रबरी चटईवर आडवा केला. खिशातून चिमटा काढला आणि मागच्या पायाचं एक बोट त्यात धरून दाबलं. पाय चटकन मागे ओढला गेला. मेजू मात्र समोर पाहत राहिला. नाक वर करून तो हवेत कसला तरी वास शोधत होता. सोदामने दुसरं बोट दाबलं. पाय पुन्हा ओढला गेला. मान वळली नाही.

"अगं, दुखतंय त्याला," सासूबाई म्हणाल्या.

"दुखत नाही, आजी. तेच तर. दुखलं असतं तर त्याने मागे बघितलं असतं, मला चावला असता."

"मग पाय कसा काय ओढला?"

"पाय आपला आपण ओढला. डोक्यापर्यंत काही पोचलंच नाही. आता पाण्यात चालतो ना, तेही तसंच. पाठीचा कणा सरावाने शिकतो. याला पत्ताही नसतो."

इनसुकला हे ऐकायची गरज नव्हती. फळ्यावर बेडकाचा पाय आणि कणा काढून त्यांच्यामधला बाण ती दर वर्षी रंगीत खडूने दाखवायची. तरीही दर खेपेला चिमटा लागला की ती पायाकडे न बघता मानेकडे बघायची.

मेजूला वासाचा ठिकाणा सापडला होता. पुढच्या पायांवर तो उठला आणि बाकावरच्या पेटीकडे निघाला. मागचे पाय आधी फरफटले, मग एक पाय त्याच्याखाली आला, मग दुसरा. कंबर डावीकडे झुकली, सावरली.

"पेटीत काय आहे?" सोदामने विचारलं.

"मोरी मासा. खारवलेला. आज यांच्या श्राद्धाच्या पानाला," म्हणत सासूबाईंनी पेटी उचलून छातीशी धरली. "ए, जा. पितरांचं आहे ते."

मेजू त्यांच्याकडे वळला. त्या एक पाऊल मागे सरल्या. तो आला.

"आजी, थांबू नका. तशाच मागे सरकत राहा."

"म्हणजे? याला देऊ की काय?"

"द्यायचं नाही, खारट आहे. फक्त सरका."

सासूबाई चटईवरून मागे मागे जाऊ लागल्या, पेटी छातीशी, हनुवटी पेटीवर, पायांत दवाखान्याच्या सपाता. त्यांच्यामागून मेजू. मागचे पाय एकमेकांत अडकले, तो बसला, उठला, पुन्हा आला. दुखण्यानंतर कोरड्या जमिनीवर तो पहिल्यांदाच चालत होता. एकेक पाऊल उशिरा पडत होतं, पण सुलटं पडत होतं. काउंटरवरची मुलगी फोन कानाला तसाच ठेवून बघत उभी राहिली.

"मेल्या, नैवेद्य हुंगतोस," सासूबाई म्हणाल्या. "यांनी बघितलं असतं तर काठी घेतली असती." पाठ भिंतीला टेकली तेव्हा त्या थांबल्या. मेजू त्यांच्या सपातेवर हनुवटी टेकून पसरला. त्यांनी पाय काढून घेतला नाही.

सोदामने त्याला एक साधा खाऊ दिला आणि कपडे बदलायला आत गेली. इनसुक चटईवर बसून मेजूचे मागचे पाय चोळू लागली. सासूबाई शेजारच्या खुर्चीवर टेकल्या. पेटी मांडीवर होती.

"त्याला खरंच कळत नाही?"

"पुढच्या पायांचं कळतं. मागच्यांचं नाही."

"आणि तरी चालतो."

"चालतो."

बाहेरच्या खोलीत एक पॉमेरेनियन भुंकत होता.

"त्यात काय एवढं," सासूबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आले, त्या साली पहिल्या श्राद्धाला सूपभर धिरडी तळली. माशांची, भाज्यांची, सगळी. तळता तळता रडले. सासू म्हणाली, धूर लागला असेल. पुढे हातच तळायला लागले. चटका बसला की हात मागे यायचा. मी कुठे असायचे, कोण जाणे." त्यांनी पेटीच्या झाकणावरून तळवा फिरवला. "तुझंही तसंच आहे. मला दिसत नाही असं समजू नकोस."

इनसुकचे हात थांबले.

टोमण्यांची उत्तरं तिच्याकडे तयार होती. दाराच्या आकड्यांचं, कुत्र्यावर जाणाऱ्या वेळाचं, रिकाम्या कुशीचं. गेल्या काही तिथींना ती उत्तरं घोळवतच तिने भात वाढला होता, भाज्या वाफवल्या होत्या, पुरुषमंडळी दंडवत घालून जेवायला बसली की आत उभ्याने चार घास खाल्ले होते. या उत्तरांनंतर जे म्हणायचं होतं तेही ठरलेलं होतं. पण ते टोमण्यामागून म्हणायचं ठरलेलं होतं.

"एक सांगते," सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "पुढच्या वर्षीपासून धिरडी बाजारातून आणू. सोमुन बाजारात एक बाई चांगली करते. मी कोणाला बोलणार नाही, आणि तेसोकला तर काय, त्याला फरक कळायचा नाही. आजचं तेवढं उरकून टाक. मीही हात लावते. अजून तासभर आहे, पीठ भिजवून होईल." त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठायला सुरुवात केली. "चल, सूनबाई. नवे आकडे काय ते सांग मला, मी पुढे होते."

मोठ्या मनाने दिलेलं होतं ते. एवढ्या वर्षांत सासूबाईंनी असं काही दिलं नव्हतं, आणि त्यांना स्वतःला तर ते कोणीच दिलं नव्हतं. घेतलं असतं तर संध्याकाळ बरी गेली असती. दोघी एकमेकींशेजारी उभ्या राहिल्या असत्या, कदाचित हसल्याही असत्या, त्या कुत्र्यावरून. आणि पुढल्या वर्षी कमी काम. आणि त्याच्या पुढल्या वर्षीही.

इनसुकने मेजूचं बोट हातात धरलं, चिमट्यात धरलेलं तेच, आणि अलगद सोडलं. उठली. उभी राहिल्यावर ती सासूबाईंपेक्षा बरीच उंच होती. घरात, त्यांच्यासमोर, ती नेहमी वाकलेलीच असायची.

"आकडे सांगते," ती म्हणाली. "घरात या, बसा, राहायचं तितके दिवस राहा. ते आले की त्यांना पीठ भिजवायला सांगा, वडील त्यांचे आहेत. शेगडी कशी पेटवायची ते मी दाखवीन."

सासूबाई अर्धवट उठलेल्या तशाच राहिल्या. "आणि तू?"

"मी श्राद्ध करणार नाही, आई. पुढच्या वर्षीपासून नाही. आजपासून."